कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याचं बिल: कुठे वाचतं, कुठे वाचवू नये

ठाणे आणि नवी मुंबईची हवा दमट, उंदीर भरपूर आणि सोसायट्यांना लागून गवत, झाडी, खाडी. येऊरच्या पायथ्याशी, उपवनच्या बाजूला, खारघरच्या टेकडीखाली किंवा पाम बीच रोडच्या कडेला कुत्रं फिरवणाऱ्याला दवाखान्यात जे बिल हाती येतं, ते बहुतेक वेळा गोचिडांचं, पावसाळ्याचं, चुकलेल्या लशीचं नाहीतर वाढलेल्या वजनाचं असतं. यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी महागडी टॉनिकं लागत नाहीत. कॅलेंडर, वजनकाटा आणि रोजची दहा मिनिटं लागतात.

गोचीड: सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात

आपल्याकडे कुत्र्यावर दिसते ती मुख्यतः तपकिरी गोचीड. ती घरातच पिढ्यानपिढ्या राहू शकते. अंड्यातून बाहेर आल्यावर आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दरवेळी कुत्र्यावरून गळून फटीत शिरते. मादी शेवटचं पोट भरून उतरते आणि हजारो अंडी घालते. तीही कुत्र्यावर नाही, तर स्कर्टिंगच्या फटीत, सोफ्याच्या मागे, दाराच्या चौकटीत. शिवाय तिला वर चढायची सवय असते. त्यामुळे फरशी रोज पुसणाऱ्या घरातही पडद्याच्या पेलमेटमागे आणि छताच्या कोपऱ्यात गोचिडी सापडतात. नुसत्या कुत्र्याला औषध घातलं की महिनाभराने "परत झाल्या" अशी तक्रार येते, ती यामुळेच.

उपाय दोन्हीकडे एकदम करायचा.

कुत्र्यासाठी चघळायच्या गोळ्या सध्या सर्वांत भरवशाच्या. अफॉक्सोलनरची गोळी महिन्याला एक, फ्लुरालनरची साधारण बारा आठवड्यांना एक. फ्लुरालनर जेवणाबरोबर द्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. गोळ्या वजनाच्या टप्प्यांत येतात (४ ते १० किलो, १० ते २५ किलो असे), म्हणून घेण्याआधी वजन करा. घरचा काटा चालतो: कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक काढा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गटातली गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत अर्धी-अर्धी वाटणं ही खूप चालणारी काटकसर आहे आणि ती फसवी आहे. औषध गोळीभर सारखं पसरलेलं असेलच असं नाही. एकाला कमी पडतं, एकाला जास्त होतं.

स्पॉट-ऑन थेंब स्वस्त पडतात, पण घालण्याची पद्धत चुकली की पैसे वाया. मानेमागे केस बाजूला सारून थेंब त्वचेवर पडले पाहिजेत, केसांवर नाही. आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नको. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध अजिबात आणू नका. मांजराच्या यकृताला ते पचत नाही, झटके येतात, जीव जातो. ससा असेल तर फिप्रोनिलचा स्प्रेही त्याच्यापासून लांब.

घरासाठी: अंथरूण, गादीची खोळ आठवड्याला एकदा ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात. व्हॅक्यूमचं तोंड फटींत, सोफ्याच्या शिवणींत, खाटेखाली फिरवायचं आणि पिशवी लगेच बांधून बाहेर टाकायची. पेस्ट कंट्रोल करायचं तर जनावर घराबाहेर ठेवा, फरशी पूर्ण वाळल्याशिवाय आत आणू नका, आणि फिशटँक असेल तर झाकून पंप बंद करा. हे सगळं निदान तीन महिने सलग. फटीतली अंडी फुटून नवी पिल्लावळ बाहेर यायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

गोळी चालू असली तरी रोज हात फिरवून बघायचं, कारण गोळी काम करते ती गोचीड चावल्यावर. कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, बगलेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मध्ये. सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिरगाळू नका, रॉकेल किंवा काडीपेटीचा प्रयोग करू नका, बोटांनी चिरडू नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका.

टिक फीवर झालाच तर लवकर पकडण्यात पैसे आहेत. सुरुवात साधी असते: एक वेळचं जेवण सोडलं, सुस्ती, ताप. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गुदद्वारात थोडं व्हॅसलिन लावलेला डिजिटल थर्मामीटर अर्धा-पाऊण इंच घालून मोजता येतं. १०३ च्या वर असेल, हिरड्या फिक्या दिसत असतील, पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी चहासारखी झाली असेल तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून प्लेटलेट्स बघा. या टप्प्यावर खर्च एक रक्ततपासणी आणि गोळ्या इतकाच. चार दिवसांनी गेलात तर सलाईन आणि कदाचित रक्त चढवणं.

शेजाऱ्याने सांगितली म्हणून डॉक्सीसायक्लिन सुरू करू नका. टिक फीवर वेगवेगळ्या जंतूंनी होतो: एर्लिकियावर ती चालते, बबेसियावर नाही. बबेसिया गिब्सोनीचं औषध वेगळं आणि बरंच महाग, आणि चुकीच्या औषधावर घालवलेला आठवडा तिथे फार महागात पडतो. डॉक्टरांनी डॉक्सी दिलीच तर बहुधा २८ दिवसांची असते. कुत्रं पाचव्या दिवशी जेवायला लागतं, घरचे आठव्या दिवशी गोळी थांबवतात आणि दोन महिन्यांनी आजार उलटतो.

लशी: कुठली हवीच, कुठली विचारून

पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. शेवटच्या डोसवरच लोक थांबतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशी निकामी करू शकते. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून "दोन इंजेक्शनं झाली" म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं असं नाही. रेबीजची लस, म्हणजे दवाखान्यातल्या भाषेत एआरव्ही, तीन महिन्यांच्या सुमारास आणि मग डॉक्टर सांगतील तशी, आपल्याकडे बहुधा दरवर्षी. मांजराच्या पिल्लाला ट्रायकॅट (तीन आजारांची एकत्र लस) ८ आठवड्यांपासून तशाच अंतराने १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीज.

मोठ्या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना सरळ विचारावी. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या (डब्ल्यूएसएव्हीए) मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्टेंपर, पार्व्हो (जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा आजार), हेपटायटिस यांची लस पिल्लूपणाचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर झाल्यावर तीन वर्षांच्या अंतरानेही चालते. लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराच्या) लशीची प्रतिकारशक्ती मात्र वर्षभरच टिकते आणि आपल्या पट्ट्यात ही लस चुकवून चालत नाही. कुत्र्यांची कोरोना लस या सूचनांमध्ये शिफारशीत नाही. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस बोर्डिंगला ठेवणार असाल, ग्रूमिंगला वारंवार नेत असाल तर घ्या.

लस मेडिकलमधून आणून ओळखीच्या माणसाकडून टोचून घेण्यात शंभर-दोनशे वाचतात. पण लस २ ते ८ अंशांत राहिली होती की नाही हे कुणालाच माहीत नसतं. कार्डावर बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर आणि सही-शिक्का असू द्या. महापालिकेचा परवाना काढताना, बोर्डिंगला ठेवताना आणि कुत्र्याने कुणाला चावल्याची तक्रार झाली तर हाच कागद कामाला येतो.

६ जुलै हा प्राणिजन्य आजार दिन आणि २८ सप्टेंबर हा रेबीज दिन. त्या सुमारास सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि संस्था मोफत रेबीज लसीकरण करतात, आधी चौकशी करून ठेवा. एरवीही सरकारी दवाखान्यात साध्या कामांना नाममात्र शुल्क लागतं. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी किंवा दुसऱ्या मतासाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रांग असते, सकाळी लवकर निघावं लागतं.

पार्व्होच्या पिल्लाला पाच-सहा दिवस दाखल ठेवावं लागतं, बिल हजारांत जातं आणि तरी खात्री नसते. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या बागेत जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन जग दाखवा. घरात आधी पार्व्हो होऊन गेला असेल तर विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवा आणि धुऊन काढा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका. मांजराच्या घरात फिनाईल वापरू नका, पंजे चाटताना ते पोटात जातं.

जून ते ऑक्टोबर

लेप्टो उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत येतो आणि तिथे आठवडेच्या आठवडे जगतो. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. रात्री जेवणाचं भांडं गॅलरीत ठेवू नका, उंदरांना ते आमंत्रण आहे. ताप, उलट्या, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळेपणा दिसला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. हा आजार माणसालाही होतो, तेव्हा लघवी पुसताना हातमोजे घाला.

फिरून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या मधली जागा कोरडी करा. पावसाळ्यातली निम्मी खाज ओल्या बोटांतून सुरू होते. आंघोळ मात्र वाढवू नका, दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरते. माणसांचा शाम्पू नको. दाट केसांच्या कुत्र्याला आंघोळीनंतर मुळापर्यंत वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी हाताएवढा ओला, लाल चट्टा उठतो.

कान लोंबणाऱ्या कुत्र्यांचे (लॅब्रॅडॉर, कॉकर, बीगल) आठवड्यातून एकदा साफ करा. दवाखान्यातलं इअर क्लीनर कानात भरायचं, मुळाशी वीस-तीस सेकंद चोळायचं, पचपच आवाज आला पाहिजे. मग डोकं झाडू द्यायचं आणि बोटाला कापूस गुंडाळून बोट पोचेल तेवढंच पुसायचं. इअरबड नको, मळ आत ढकलला जातो. कानाला आंबूस वास येत असेल, काळपट घाण निघत असेल किंवा हात लावू देत नसेल तर साफसफाई थांबवा आणि दाखवा. मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नका: आधी बुरशी होती, आता जंतू असतील, आणि पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी बहिरेपणा येतो.

पावसात मोठे खरखरीत बेडूक बाहेर पडतात. कुत्र्याने तोंडात धरला आणि फेस आला तर डोकं खाली झुकवून ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पाच-दहा मिनिटं पुसत राहा. पाणी घशात ओतू नका. डुगडुगायला लागलं, झटके आले तर गाडी काढा.

सोसायटी उंदरांचं औषध टाकते तेव्हा कोणतं टाकलं ते पाकिटाच्या फोटोसकट ग्रुपवर मागून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या विषाची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर सगळं ठीक वाटतं. लगेच नेलं तर डॉक्टर उलटी काढून व्हिटॅमिन के-१ सुरू करतात आणि विषय स्वस्तात मिटतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

वाटीचं माप

वजन हा हळूहळू येणारा खर्च आहे: सांधे, गुडघ्याचं लिगामेंट, मांजरात मधुमेह. ४८ लॅब्रॅडॉरवर केलेल्या एका प्रसिद्ध दीर्घ अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची संधिवाताची औषधंही उशिरा सुरू झाली.

फासळ्यांवरून हात फिरवा. हलकेच दाबल्यावर फासळ्या मोजता आल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. २५ किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० कॅलरी लागतात. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजा आणि ती पातळी वाटीवर मार्करने आखा. अंदाजाने भरलेली वाटी नेहमी थोडी जास्त भरते. वरखाऊ दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे १२० कॅलरी. एक ग्लुकोज बिस्कीट वीस-पंचवीस कॅलरीचं. आजोबांच्या सकाळच्या चहाबरोबर तीन, कामवाल्या ताईंकडून एक, मुलांकडून दोन, आणि संध्याकाळची पोळी वेगळीच. दिवसाची बिस्किटं सकाळी एका डब्यात मोजून ठेवा; डबा रिकामा झाला की कुणीच द्यायचं नाही.

नसबंदीनंतर गरज घटते, खाणं वीसेक टक्क्यांनी कमी करा. नसबंदीमुळे कुत्रं जाड होतं असं म्हणतात, प्रत्यक्षात जुनं माप चालू राहिलेलं असतं.

तयार खाणं देत असाल तर मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका. हाडं बिघडतात आणि तुम्ही त्याचे पैसेही भरता. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरफाळतात. मांजराला दूध-भातावर ठेवू नका, मांसातला टॉरिन नसेल तर हृदय आणि डोळे जातात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या दूर ठेवा. आणि माणसांची तापाची, दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते.

दात आणि जंत

दात रोज घासणं हीच खरी बचत, कारण स्केलिंग (दातांवरचा साचलेला थर काढणं) भूल देऊनच करावं लागतं. मुलांचा मऊ ब्रश चालतो, पेस्ट जनावरांचीच. पहिला आठवडा फक्त पेस्ट चाटवायची, दुसऱ्यात बोटाने हिरड्या चोळायच्या, तिसऱ्यात ब्रश. बाहेरची बाजू घासली तरी पुरे. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करणाऱ्यांना पैसे देऊ नका. रोग हिरडीच्या खाली असतो. चघळायची वस्तू नखाने दाबून दबत नसेल तर ती दात फोडते.

जंताचं औषध पिल्लांना दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. डोस वजनावर. बाकी यात फार काही नाही.

मादीची शस्त्रक्रिया आणि बोक्याची लघवी

नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतर एक-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. पाणी जास्त पिते, योनीतून घाण येते, कधी काहीच बाहेर येत नाही आणि पोट फुगतं. तीच शस्त्रक्रिया मग रात्री, तापात, सलाईनवर करावी लागते आणि ठरवून केलेल्या नसबंदीच्या कितीतरी पट बिल होतं. नसबंदीसाठी दोन माजांच्या मधली वेळ धरा. मोठ्या जातीत वय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

बोका ट्रेमध्ये वारंवार बसतो, जोर लावतो, ओरडतो आणि थेंबभरच येते. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे. लघवीची नळी अडलेली असते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. टाळण्यासाठी ओलं खाणं, घरभर दोन-तीन पाण्याची भांडी, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त.

उंच इमारतीत मांजर असेल तर पहिला खर्च जाळीचा. कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं. ग्रिलला आतून स्टीलची बारीक जाळी बसवा, बाथरूमच्या खिडकीसकट. लिलीचा गुच्छ घरात आणू नका, तिचे पराग चाटले तरी मांजराची किडनी बंद पडते.

दवाखान्यात बिल कमी होतं ते असं

एक फाईल ठेवा: लशीचं कार्ड, दर महिन्याचं वजन, जुने रिपोर्ट. कालचा सीबीसी हातात असेल तर आज पुन्हा काढावा लागत नाही. लंगडणं, खोकला, फिट यांचा व्हिडिओ काढा. टेबलावर गेल्यावर जनावर नेमकं ठीक वागतं. दाखल करायची वेळ आली तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंदाज लेखी मागा, आणि "यातली कुठली तपासणी आज झाली नाही तर उपचार बदलणार नाहीत?" असं विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा सीबीसी, किडनी-लिव्हर आणि लघवीची तपासणी करा. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत, दोन तासांच्या आत.

विमा घेताना आधीपासूनचे आजार, प्रतीक्षा काळ आणि गोचीड-ताप यात बसतो का ते वाचा. लशी बहुतेक पॉलिसींत नसतात. म्हातारं किंवा आधीच आजारी जनावर असेल तर तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या रिकरिंगमध्ये टाकलेली बरी.

आणि काही वेळा पैशाचा विचार करत बसू नका: हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येतायत, फिट पाच मिनिटांवर चालली, बोक्याला लघवी होत नाही, श्वासाला धाप लागली. आपल्या जनावराला भटक्या कुत्र्याने चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी त्याच दिवशी दाखवा. रात्री उघडे असणारे दोन दवाखाने आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा, एक खाडीच्या अलीकडचा, एक पलीकडचा. घोडबंदरला गाड्या अडकल्या असतील तर तासभर जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून डॉक्टर जागेवर आहेत का आणि ऑक्सिजनची सोय आहे का एवढं विचारून घ्या.